दीक्षा हजर आहे

प्रिय विनोदिनीताई,

आता पत्र कोण लिहितं, असं तुला वाटलं असेल. घरात फोन असताना सुवर्णाला कागद काऊन लागला, असंही म्हणशील. सांगते. पण तुला माझी सवय माहीत आहे, मला मधूनच सांगता येत नाही. इकडे कापसाची वेचणी चालू आहे. सासूबाईंचे गुडघे तसेच आहेत, उन्हात बसल्या की जरा बरं म्हणतात. मंचेरियलहून भाऊजींची बदली टळली हे ऐकून फार बरं वाटलं. तुम्ही तिथंच आहात, याचा मला किती आधार आहे ते पुढं वाचशील तेव्हा कळेल.

आमच्या गावची मराठी शाळा तुला आठवत असेल. मुलं कमी झाली म्हणून तिचे वरचे वर्ग बंद केले. मंडलच्या मोठ्या गावी शाळा आहे, पण ती तेलुगू, आणि तिकडं जायला वेळेवर गाडी नाही. मग सरकारची ऑनलाइन शाळा आली. सकाळी घरच्याच फोनवर वर्ग भरतो. नावापुढचं बटन दाबलं की हजेरी लागते. आदिलाबादला बसून सर शिकवतात, मुलं वहीत लिहितात आणि त्याचा फोटो काढून पाठवतात. परीक्षासुद्धा घरूनच. रेंज जाते म्हणून कॅमेरे बंद ठेवायचे, असं सरांनीच पहिल्या दिवशी सांगितलं. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून दीक्षा गोठ्यामागं बाज टाकून बसायची. पालकांनी बाजूला बसावं म्हणाले होते, तर मीही भाजी निवडत बसायची. खरं सांगू का, मला ती शाळा आवडली होती. झाडाचं पान अन्न कसं तयार करतं ते मी या वयात दीक्षाबरोबर शिकले. सरांनी "शाबास दीक्षा" म्हटलं की ती माझ्याकडं बघायची, आणि मला वाटायचं, पोरगी आता मागं राहत नाही.

मग भागीरथाचं झालं. शेजारच्या आळीतली, दीक्षाच्याच वर्गातली. पोळ्यानंतर ती गावात दिसेनाशी झाली. मामाच्या घरी गेली, असं तिचे वडील सांगायचे. पण सकाळी सरांनी "भागीरथा?" म्हटलं की खाली अक्षरं उमटायची, हजर सर. दीक्षा म्हणायची, "आई, भागी तिकडूनच शाळा करून राह्यली." मलाही तसंच वाटलं. आमच्या शेजारच्या कौशल्याबाईंचं माहेर बेज्जूरकडं आहे. त्या माहेरी जाऊन आल्या आणि माझ्या चुलीपाशी येऊन बसल्या. हळूच बोलल्या. नदीकाठच्या एका गावात त्यांना भागीरथा दिसली होती. डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा, कमरेवर पाण्याची गुंड. त्यांनी हाक मारली तर पोरीनं वळून पाहिलं आणि तोंड फिरवून चालू लागली. आणि ताई, त्या सकाळी भागीरथा वर्गात हजर होती. मी स्वतः वाचलं होतं.

मला आपले देवानंद मास्तर आठवले. प्रार्थनेला एखादं पोरगं दिसलं नाही तर मधल्या सुट्टीत अंगणात येऊन उभे राहायचे. "पोरगी कुठं आहे?" आणि ती डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलायचे नाहीत. लोक वैतागायचे त्यांच्यावर. आता अंगणात कोण येणार?

म्हणून मीच बोलले. वर्ग संपताना दीक्षाच्या हातून फोन घेऊन म्हटलं, "सर, भागीरथा गावात नाही. तिचं लग्न लावून दिलं." सर मग म्हणाले, "ताई, इथं तर तिची हजेरी पूर्ण आहे. गृहपाठही येतो. तरी मी वर कळवतो." त्यांचा आवाज वाईट नव्हता. किती गावांची मुलं त्यांच्या वर्गात, एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नाही. वरून कोणी आलं नाही. पण माझं बोलणं वर्गातल्या सगळ्या घरांनी ऐकलं होतं. संध्याकाळी भागीरथाचे वडील आमच्याकडं आले, दीक्षाच्या बाबांशी अंगणात हळू आवाजात बोलत बसले. ते गेल्यावर हे मला एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात काऊन तोंड घालते?" त्या दिवसापासून फोन यांच्या खिशात राहायला लागला. भागीरथाचे वडीलही मग रोज येऊ लागले.

काही दिवसांनी हे दीक्षाजवळ वर्गाला बसू लागले. मला आनंद झाला, ताई. इतक्या वर्षांत कधी वही उघडून न पाहिलेला माणूस लेकीला विचारत होता, हजेरीचं बटन कोणतं, उत्तर कुठं लिहिते, फोटो कसा पाठवते. ती हौसेनं शिकवायची. बाबांचं बोट चुकीच्या जागी पडलं की खुदकन हसायची.

मग एका सकाळी म्हणाले, आज सुट्टी आहे, पोरीला वेचायला घेऊन जा. मी पाणी न्यायला परत आले तर गोठ्यामागून सरांचा आवाज येत होता. हे बाजेवर एकटे बसले होते, फोन मांडीवर. सरांनी काहीतरी विचारलं, यांनी एका बोटानं दाबलं. "शाबास दीक्षा, बरोबर उत्तर." यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि जरासं हसले.

ते हसणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ते वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. दीक्षाला ताप होता तेव्हा नाल्याच्या पुरातून खांद्यावर बसवून दवाखान्यात नेणारा हाच माणूस. त्यांना वाटतं, पोरीचं भलंच करून राह्यलो. "शाळा सुटते कुठं? नाव चालू राहते, दाखलाही भेटंल," म्हणतात. बेज्जूरकडचं स्थळ भागीरथाच्या वडिलांनीच आणलं. पाहुणे आले, पोरीला अंगणात चालून दाखवायला लावलं. आठवीतली पोर, अजून झोपेत माझा पदर धरते. लग्न मुलाच्याच घरी, मांडव नाही, पत्रिका नाही. मी नको म्हटलं, सासूबाईंचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले. काल हे तारीख पक्की करायला तिकडं गेले, फोन घेऊन. आज सकाळी दीक्षा तिथूनच वर्गात हजर असेल.

परवा भाकरी थापता थापता तिनं मला विचारलं, "आई, मी गेले तर सरांना कळंल का?" मी पीठ मळत राहिले.

ताई, हे पत्र तुला देणारी पोरगी दीक्षाच आहे. तिला तू लहानपणी पाहिलीस, म्हणून ओळखायला वेळ लागला असेल. कौशल्याबाई तिच्याबरोबर आल्या आहेत, त्यांनाही जेवायला घाल. दीक्षा भूक नाही म्हणेल, ते खरं मानू नकोस. जिथं मास्तर रोज तोंड बघून नाव घेतो अशा शाळेत तिला घाल, आणि लहान पोरींची लग्नं थांबवणारं मुलांचं ऑफिस असतं तिथं भाऊजींना आजच जायला सांग. उद्या संध्याकाळी हे परत येतील. मग तुझ्याकडं माझा फोन येईल. मी आजारी आहे म्हणेन, सासूबाई गेल्या म्हणेन, पोरीला पाठव म्हणून गळा काढेन. माझ्या बाजूला त्या वेळी कोण उभं असेल ते तू समज. मी कितीही रडले तरी तिला पाठवू नकोस.

तुझीच,
सुवर्णा