जिना चढताना

६ नोव्हेंबर २००६, सोमवार
नात झाली! शुक्रवारी! निशाला, नऊ वर्षांनी! लेक बाळंतपणाला माझ्याकडेच हाय, म्हणजे बारसं आमच्या घरी, पुढच्या मंगळवारी. नाक ह्यांच्यावर गेलंय — चालेल. मुलीची बर्फी वाटतात, मी अख्ख्या वळ गावात पेढे वाटले! वाटताना छातीत आवळलं. थांबले, गेलं. गॅस असेल.

८ नोव्हेंबर
प्रितेशने पकडलंच! "आई, जिन्यात छाती धरून का उभी?" लेकच माझा, ऐकतोय कुठला. कामतघरच्या डॉक्टरकडे नेली. छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली.
डॉक्टर बोलला — चालताना दुखतं, थांबलं की जातं, तर गोळ्यांवर बघू. पण बसल्या जागी दुखलं तर ते वेगळं, ती अटॅकची पायरी. त्याच दिवशी भरती. आयसीयू, पोटात सुया, रक्त पातळ करायचं.
"बसल्या जागी दुखतं का आजी?"
"न्हाय हो!"
परवा टीव्हीसमोर दुखलं होतं. पण मी भरती झाले तर बारशाच्या घुगऱ्या कोण शिजवील?
एक कागद दिलाय. दुखलं की लिहायचं — कधी, काय करत होतात. चौथी नापास बाईला ह्या वयात गृहपाठ!

१० नोव्हेंबर
बिरड्याचे वाल सोलत बसले होते. आवळलं. डावा हात जड. जिभेखालची गोळी एक न्हाय, दोन लागल्या. शेजारची ठकुबाई बोलली, "तोंड पांढरं का गं?" "पावडर लावली!" हसली मेली. मी घाम पुसला.
कागदावर लिहिलं — जिना चढताना. खरं इथे. ही वही कोण वाचतंय!

१२ नोव्हेंबर
कालपासून तीनदा. तिन्ही वेळा बसलेली. कागदावर तीनदा जिना.
प्रितेशने कागद बघितला. "दिवसभर जिनाच चढतेस काय? बंद!" माझी गादी खाली आणून टाकली.
आता जिना न्हाय. आता काय लिहू?

१३ नोव्हेंबर
चणे भिजत घातले. पाळणा बांधून झाला. दुपारी भिंतीला टेकून बसले, नात मांडीवर. आवळलं — हात सुटला! पोर घसरली. निशाने झेलली. "आई!"
पोरीला काय न्हाय. जागी पण झाली न्हाय, लबाड.
प्रितेशला हाक मारली.

१३ नोव्हेंबर, परत
प्रितेश रिक्षा आणायला गेलाय. डॉक्टरचा कागद घेतला. जिना, जिना, जिना — सगळे खोडले. खाली लिहिलं:
बसले होते. नात मांडीवर होती.