पोपटी साडीचे रद्द केलेले कलम

मी, गिरिधर रुपराव बालपांडे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कापडाचा, राहणार हनुमाननगर, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि दोन चष्म्यांच्या मदतीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, असे इथे लिहिण्याची रीत आहे. पण दबाव आहे. तो माझी पत्नी सौ. तारा हिचा आहे, आणि तो इस्टेटीसाठी नसून एका माफीसाठी आहे, त्यामुळे कायद्याला त्याची अडचण नसावी.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची बायपास आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणताना ते माझ्याकडे न पाहता फाइलकडे पाहत होते. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठून पाण्याची मोटार बंद केली का ते पाहून आलो.

कलम १. हनुमाननगरचे राहते घर तारा हयात असेपर्यंत तिचे. तिच्यानंतर मुलगा प्रेमानंद याचे. समोरच्या खोलीच्या भिंतींचा रंग मी ठरवला होता आणि ताराला तो कधीच आवडला नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्यामागे तिने हवा तो रंग द्यावा. बँकेतील ठेवीही तिच्याच, त्यातून रंगाऱ्याचे भागेल.

कलम २. गांधीबागेतील दुकान, गादी, कपाटे आणि त्यातला माल प्रेमानंदचा. नवा बोर्ड लावायला माझी हरकत नाही. फक्त माझे वडील रुपराव यांचा फोटो आतल्या खोलीत नेऊ नये, गिऱ्हाइकाला दिसेल असाच ठेवावा.

कलम ३. कळमेश्वरचा प्लॉट माझी नात, प्रेमानंदची मुलगी, चि. नूपुर हिला. तिने तो लग्नानंतरही स्वतःच्या नावावर ठेवावा. सध्या ती माझ्याशी कामापुरते बोलते. तरीही प्लॉट तिचाच.

कलम ४. माझी मोठी कातर सून सुमती हिला, कारण दुकानात हात चालतो तो तिचा. वडिलांचा कापड मोजायचा लोखंडी गज धाकटा भाऊ ओमप्रकाश याला, पण एका अटीवर. माझ्या लग्नात मी मोठ्या हौसेने मरून रंगाचा सफारी शिवला होता. ओमप्रकाश सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाला होता, "दादा, बसचा कंडक्टर दिसून राहिला गा तू." तो सफारी मी पुन्हा अंगाला लावला नाही. त्याबद्दल त्याने माफी मागावी आणि मग गज न्यावा.

हे कलम लिहून मी पुन्हा उठलो. तारा गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "वा जी! कंडक्टरवाली गोष्ट अजून याद आहे तुम्हाले. मंग त्या कामठीच्या बाईले तुमची गोष्ट किती वर्षं याद राहीन?"

कामठीची बाई म्हणजे रंभाबाई निपाने, आमच्या होणाऱ्या नातजावयाची, दुर्गेशची, आजी. दुर्गेशची आई तो लहान असतानाच गेली. त्याला वाढवले ते रंभाबाईंनी. आता मला ती गोष्ट लिहावीच लागणार, नाहीतर पुढचे कलम वाचणाऱ्याला कळणार नाही.

आमच्याकडे लग्न ठरले की बस्ता बांधतात. दोन्हीकडची माणसे कापडाच्या दुकानात येऊन बसतात, नवरीचे कपडे मुलाकडचे निवडतात, नवरदेवाचे मुलीकडचे. माझा सगळा जन्म इतरांचे बस्ते बांधण्यात गेला. वडिलांनी गादीवर बसवले त्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती: गिऱ्हाइकाच्या पसंतीवर तोंड उघडायचे नाही. मी कधी उघडले नाही. लोकांनी जांभळ्यावर केशरी घेतले, मी म्हटले, उठून दिसेल. पोपटी तर मी इतका विकला की आमच्या घराच्या विटा त्याच रंगाच्या असायला हव्या होत्या.

नूपुरचा बस्ता अर्थातच आमच्याच दुकानात होता. गादीवर प्रेमानंद बसला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा समोर, गिऱ्हाइकांच्या चादरीवर, नवरीचा आजोबा म्हणून बसलो. चहा झाला, हसणे-खिदळणे चालले होते. शेवटी मानाची साडी राहिली. ती त्यांच्याकडे घरातली मोठी बाई स्वतःच्या हाताने निवडते आणि मांडवात नवरीच्या ओटीत घालते. रंभाबाईंनी पुष्कळ वेळ लावून एक साडी काढली. पोपटी अंग, राणी रंगाचे काठ, भरून सोनेरी बुट्टी. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि हात फिरवला.

गादीवरचा गिरिधर गप्प राहिला असता. चादरीवरचा म्हणाला, "अरे दुर्गेश, हे बँडवाल्याइचं कापड नवरीच्या बस्त्यात कुठून आलं गा?"

सगळे हसले. मीही हसलो. रंभाबाईंनी साडीची घडी घातली, जशी होती तशीच, कडेला कड लावून, आणि प्रेमानंदपुढे सरकवली. "राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमाले कळते. तुमच्याच पसंतीनं घ्या." आम्ही मोतिया रंगाची घेतली.

त्यानंतर दुर्गेशकडून निरोप आला की आजीला लग्नासाठी नवी साडी नको, ती जुनीच नेसून मागे बसेल, आणि मानाची साडी ओटीत घालायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा. नूपुरने मला स्वयंपाकघरात गाठले. "आबा, ती साडी मलेही नव्हती आवडली. पण मी नेसली असती. एवढं साधं तुमच्या लक्षात काहून नाही आलं? तुम्ही तं बोलून मोकळे झाले. त्या घरात मले राह्यचं आहे."

मी म्हटले, मस्करी होती. इवाई-इवायांत, म्हणजे व्याह्यांत, एवढे चालते. ती पाण्याचा ग्लास धुऊ लागली.

रंभाबाईंना लावायला मी फोन चारदा हातात घेतला. काय बोलणार? एवढी वर्षे गोड बोलून पोट भरले, पण माफीचे बोलणे तोंडात बसलेच नाही. म्हणून खालचे कलम लिहिले.

कलम ५. पोपटी साडी, राणी काठ, जी मी विक्रीतून काढून माझ्या कपाटात ठेवली आहे, ती माझ्या मृत्यूनंतर श्रीमती रंभाबाई निपाने, राहणार कामठी, यांना आदरपूर्वक देण्यात यावी. माझ्या बोलण्याने त्यांच्या भावना दुखावल्या असतील, तर त्याबद्दल मी दिलगीर आहे.

हे कलम मला फार बरे वाटले. कायदेशीरही होते आणि समोर उभे राहण्याची गरज नव्हती. मी ताराला वाचून दाखवले.

"असतील तर?" तारा म्हणाली. "दुखावल्या आहेत जी. अन् मेल्यावर माफी? ती बाई तेरवीले येऊन ऐकन का हे? तुम्ही फोटोत, हार घालून, अन् बिचारी तुमच्यावर रागावू बी शकत नाही. मस्त काम आहे तुमचं."

मी म्हटले, माझ्या हृदयाला त्रास होतो. ती म्हणाली, "होऊच दे थोडा."

दुसऱ्या दिवशी वकिलांनी फोनवर सांगितले की साक्षीदार दोन हवेत, आणि मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळते ते नसलेले बरे. शेजारचे हर्षित ठवरे तयार झाले. दुसऱ्याचे नाव मी कोणालाच सांगितले नाही. कागद आणि साडी पिशवीत घातली, प्रेमानंदला गाडी काढू दिली नाही, आणि शेअर ऑटोत बसून कामठीला गेलो. वाटेत दोनदा उतरून परत फिरावे असे वाटले. एकदा खरोखर उतरलोही. मग त्याच ऑटोवाल्याने हाक मारली.

रंभाबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. मला पाहून पदर सारखा केला आणि आत पाण्यासाठी आवाज दिला. मी म्हटले, मृत्युपत्रावर तुमची सही पाहिजे.

"माही? काहून?"

"ज्याले काही मिळत नाही त्याची लागते."

त्यांनी कागद मागून घेतला. वाचायला त्यांना वेळ लागतो. त्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवत होत्या. पाचव्या कलमावर बोट थांबले तेव्हा मला बसवेना. मी ओट्यावरून उठलो आणि अंगणात उभा राहिलो.

"इथं तं मले मिळून राह्यलं," त्या म्हणाल्या. "मंग सही कशी चालन?"

मी पिशवीतून साडी काढली. मी म्हटले, "रंभाबाई, मी चुकलो. मस्करी नव्हती ते. मले तुमची पसंद हलकी वाटली, अन् चार लोकांत तसं बोललो. माफ करा मले."

त्यांनी साडी घेऊन मांडीवर ठेवली. मला वाटले आता त्या काहीतरी सांगतील: त्यांच्या लग्नात असा शालू होता, आईची आठवण होती, असे काही. म्हणजे मला कळले नव्हते असे तरी म्हणता येईल. मी विचारलेच, "हाच रंग काहून घेतला होता?"

"काहून म्हणजे? आवडला मले."

एवढेच.

मग त्याच म्हणाल्या, "तुम्ही बोलले त्याचं काही नाही, भाऊ. तुम्ही परके होते तवा. पण दुर्गेश हासला. माह्या हातचा पोरगा. तवापासून मले कापड काय, भाजी निवडाचाही धीर होत नाही. परवा पडदे घ्याचे होते, पोट्टे म्हणे आजी कोणते घेऊ? म्या म्हटलं, तुम्हाले कळते, तुम्हीच घ्या."

ते ऐकून मी अंगणातून परत ओट्याशी आलो. ओमप्रकाशच्या एका वाक्याने माझा एक सफारी गेला होता. माझ्या एका वाक्याने या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला. मी त्यांच्या ओट्यावर बसून रडलो, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे प्रेमानंदला दुसरीकडून कळायला नको.

त्यांनी मला रडू दिले. मग साडी उलगडली, खांद्यावर टाकली आणि आत आरशासमोर जाऊन आल्या. "नूपुरच्याच ओटीत घालन मी हे," त्या म्हणाल्या. "तिले नसन आवडली तं एक दिवस नेसन अन् ठेवून देईन. तो तिचा हक्क. अन् तुम्ही काय घालून राह्यले लग्नात?"

"पांढरा कुर्ता. पांढरा फेटा."

"फेटा मी पसंद करन."

"कोणता?" मी घाबरत विचारले.

त्यांनी साडीवर बोट ठेवले.

दुरुस्ती. कलम ५ रद्द. त्यातील साडी मी हयातीतच, हातोहात, कामठी मुक्कामी दिली आहे. "असतील तर" हे शब्द विशेष करून रद्द. कलम ४ मधील ओमप्रकाशवरील अट अजून रद्द केलेली नाही. विचार चालू आहे.

कलम ६ आणि शेवटचे. शस्त्रक्रियेतून मी उठलो, तर नूपुरच्या लग्नात पोपटी फेटा बांधीन, राणी रंगाच्या तुऱ्यासह, आणि पुढच्या रांगेत रंभाबाईंच्या शेजारी बसेन. उठलो नाही, तर तोच फेटा माझ्या डोक्याला बांधून मला न्यावे. पांढरे काही घालू नये. रस्त्यात कोणी हसले तर हसू द्यावे, पण घरच्यांपैकी कोणी हसू नये.

हे मृत्युपत्र मी रंभाबाई आणि ठवरे यांना घरी बोलावून वाचून दाखवले, खाडाखोडीजवळ सही केली, आणि आता मला दहा मिनिटे तरी शांत बसता येईल असे वाटते.

लिहून देणार: गिरिधर रुपराव बालपांडे (सही)

साक्षीदार १: हर्षित ठवरे, हनुमाननगर, नागपूर (सही)

साक्षीदार २: रंभाबाई निपाने, कामठी (सही). वरचा फेटा मी पसंद केला आहे. तो लग्नातच बांधाचा. दुसरीकडं बांधलेला मले चालनार नाही.

ठिकाण: नागपूर
दिनांक: १६ जानेवारी २०२६