माझं पयलं मत, सगळ्यांच्या आधी

२८ एप्रिल २०२४
आधीच सांगतो, लिहिण्यात चुका हुणार. नववीत शाळा सोडली. टायपिंग एका बोटानं हाय, टाईम लागतो. वाचणारा मीच, तवा माफी मलाच मागतो.
मी पलूसला मामाच्या दुकानात गाड्यांच्या सीटा शिवतो. आज बाळासो आला. त्यो आपल्या उमेदवाराचं काम बघतो. म्हणला, बूथवर एजंट पायजे, दिवसभर गप बसंल असा. मामानं माझ्याकडं बघितलं. लोकं मला बुजरा म्हणत्यात. पण नेता गपच असतो.

३ मे
मोबाईलवर अभ्यास चालू. लोकसभा पाच वर्षांनी येती. मधीच मोडली तर आधी. देशात सात टप्पे, आपला तिसरा, मंगळवारी. निकाल सगळ्यांचा एकदम, ४ जूनला. तवर मशीन कुलपात.
मला आत्ताच अठरा पुरी झाली. म्हंजे पाच वर्षांतनं एकदा देश माझं ऐकणार.
संकल्प: बोगस मतदार दिसला की उभं ऱ्हाऊन मोठ्यानं हरकत घ्यायची. आरशासमोर प्रॅक्टिस केली. आवाज निघाला न्हाई. घसा बसलाय.

६ मे
एजंटांची मिटिंग. शेवटच्या खुर्चीवर काय ऐकू आलं न्हाई. इचारलं तर सगळी वळून बघत्यात. मान हलवली.

७ मे, दुपारी
जेवायला बाहेर सोडलंय. आत मोबाईल चालत न्हाई.
लय मोठी गोष्ट घडली. पहाटं मतदान केंद्रावरच्या मोठ्या साहेबांनी लोकं यायच्या आधी आमा एजंटांकडनंच बटणं दाबून घेतली. मला सात-आठ वेळा. जनतेला एकच. दोन विरोधकालाबी द्या म्हणले. दिली. साहेबांना न्हाई कसं म्हणायचं? मग मोजणी केली, बरोबर आली. मशीनमधनं पडलेल्या आमच्या मतांच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सील केल्या. एवढा मान.
हरकत दोनदा घेतली. मनात.
मोठी बहीण अर्फा मत देऊन आली. माझ्या बोटाला शाई न्हाई बघून म्हणली, लाईनीत जा आधी. सांगितलं, एजंटाला लावत न्हाईत. शिवाय लाईनीत आमचे नववीचे सर हुते. शाळा का सोडली इचारत बसले असते. आन दोनदा मत देणं गुन्हा हाय.

७ मे, संध्याकाळी
मशीन बंद झालं. सह्या करताना साहेबांनी माझं बोट बघितलं. मतदान केलं न्हाई का इचारलं.
मी म्हणलं, "केलं की सर. सकाळी. सगळ्यांच्या आधी."
साहेब हसले असते तर बरं झालं असतं. म्हणले, "ती मशीनची चाचणी होती. तुमच्यासमोरच सगळं पुसलं. कागदावर सही केलीत तुम्ही."
"मग आता?"
हे मी मोठ्यानं म्हणलो. दिवसभरात पयल्यांदा. सगळी वळली.
"आता पाच वर्षांनी."

८ मे
दुकानात गेलो न्हाई. घसा.

४ जून
आपला माणूस पडला. बाळासो म्हणला, लय फरकानं पडला गड्या, तुझ्या एका मतानं काय झालं नसतं. मला बरं वाटावं म्हणून म्हणला.
२०२९ ला लाईनीत पयला मी. सरकार मधीच पडलं तर त्याच्याआधीबी. तसं मी कुणाचं वाईट चिंतत न्हाई.
आत्ता फोन आला, भिलवडीच्या घाटावर नदीतनं मगर निघालीय. बघाय चाललो.