विकेटमागचं तोंड

७ जानेवारी २०१८, रविवार

आज ऋत्विकनं आसिमला भर मैदानात रडवलं. आपल्याच शेतात!

शेत म्हणजे डोणगाव रस्त्याचं. गुलाबी अळीनं कपाशीची बोंडं खाल्ली. बीटीला अळी लागत नाही म्हणे! कडूबानं, माझ्या मुलानं, डिसेंबरातच पऱ्हाटी उपटून टाकली. रिकामं रान पाहून पोरं आली, टुर्नामेंट घेतो म्हणाली. घ्या म्हटलं. अळी खेळली, आता तुम्ही खेळा.

ऋत्विक माझा नातू. विकेटच्या मागे उभा राहतो. हातापेक्षा तोंड जास्त चालतं. 'बॅट धरली का लाटणं बे?' 'जाय घरी, म्हैस वाट पाहून राह्यली तुही.' माणसं बॉल पाहायला येत नाहीत, त्याचं बोलणं ऐकायला येतात. अन् म्हणतात, मंजुळाबाईचा नातू शोभतो. मलाही बरं वाटायचं. खोटं काऊन लिहू.

आज समोर आसिम होता, हैदरचा मुलगा. हैदर पंधरा वर्षं आमची फवारणी करायचा. यंदा सप्टेंबरात, पितरपाटात, आमच्याच पऱ्हाटीत फवारताना त्याला विष बाधलं. आठ दिवस दवाखान्यात बेशुद्ध. शुद्धीवर आला तर डोळे गेलेले. आता नुसता उजेड अन् अंधार कळतो.

ही दोन पोरं लहानपणापासून एका टीममध्ये. बापाचं असं झाल्यावर आसिम आमच्याकडे यायचा बंद झाला, दुसऱ्या टीममध्ये गेला. आज त्याचे दोन बॉल हुकले. तिसराही हुकला. ऋत्विक मागून मोठ्यानं म्हणाला — 'काऊन बे, दिसून नाही राह्यलं? तुह्या घरात सगळ्याइचेच डोळे गेले का?'

काही पोरं हसली. मग हसणं मधेच तुटलं. हैदर हद्दीजवळ खुर्चीवर बसला होता. तो मॅच ऐकायला येतो. धाकटी अदीबा त्याला स्कोर सांगते.

आसिमनं बॅट खाली ठेवली. औट नसताना निघाला. डोळे पुसत बापापाशी गेला, त्याचा हात धरला अन् दोघं घरी.

गोळी घेतली. ही वही त्यासाठीच आहे. अनुपमा, माझी नात, म्हणाली — रोज गोळी घेतली का ते एका ओळीत लिही. माझं कुठं एका ओळीत भागतं! वही ज्वारीच्या कोठीमागे ठेवते.

८ जानेवारी

ऋत्विकला भाकरी वाढता वाढता विचारलं, तुला लाज आहे का?

म्हणे, 'आजी, त्याले स्लेजिंग म्हणतात. टीव्हीवर पाह्य, मोठेमोठे प्लेअर करतात.'

'शिवीला इंग्रजी नाव ठेवलं का ती पोथी होते का रे?'

'मैदानात सगळं चालते. बाहेर आलं, हात मिळवला, खतम.'

'मग मिळवला का हात?'

भाकरी तोडत बसला. 'त्यानं देल्ला नाही.'

दुसरी भाकरी वाढली नाही. त्यानंच उठून घेतली.

९ जानेवारी

गोळी घेतली. पोराशी बोलले नाही. त्रास त्याला नाही, मलाच झाला.

१० जानेवारी

रामराव मास्तर आले. अंपायर तेच, कमिटीचे मुख्यही तेच. ओट्यावर बसले, चहाला नाही म्हणाले. तेव्हाच ओळखलं.

'मंजुळाबाई, कमिटीचं ठरलं. रविवारी फायनल. दोन्ही टीम त्याच. ऋत्विकनं आधी माईकवर हैदरची माफी मागावी. नाही मागितली तर खेळता येणार नाही. यंदाही नाही, पुढंही नाही.'

ऋत्विक आतून बाहेर आला. 'माईकवर? अख्ख्या गावासमोर?'

'बोललास तेव्हा गाव होतंच की,' मास्तर म्हणाले.

ते गेल्यावर पोरगं माझ्यावर उसळलं. 'म्या काय खोटं बोललो? चूक त्याच्या बापाचीच हाय. तोंडाले दुपट्टा न बांधता फवारलं. तूच सांगतं ना सगळ्याइले!'

सांगते. चौकशीला साहेब आला त्याला सांगितलं. विहिरीवर सांगितलं. लग्नात सांगितलं. माणूस पंधरा वर्षं फवारणारा, जाणता, अन् तोंड उघडं टाकून फवारलं — त्याला कोण काय करणार?

मी गप्प बसले. इतकी गप्प, की अनुपमा चुलीपासून उठून माझं कपाळ पाहायला आली. ताप आला वाटलं तिला.

१२ जानेवारी

हैदरच्या घरी गेले. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. दारातूनच आवाज आला — 'या काकू. चपला घासत चालणारं गावात दुसरं कोण हाय?'

खैरुन्निसानं, त्याच्या बायकोनं, खाट झटकली, चहा ठेवला. तिच्या तोंडावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी रागाला उत्तर देऊ शकते.

हैदर म्हणाला, 'पोरगं हाय, बोललं. तोंड तुमचंच आलं त्याच्याकडे.'

'हो.'

'म्या आसिमवर जास्त चिडलो. म्हटलं, कोणी काही बोलो, बॅट टाकून यायचं नसते बेटा. औट होऊनच यायचं. अन् औट झालास तर थांबायचं नसते.'

आसिम कोपऱ्यात बॅटीच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळत होता. मान वर केली नाही. पण ऐकत होता.

खैरुन्निसा कप घेऊन आत गेली, आसिमही बाहेर गेला. हैदरनं आवाज उतरवला. 'त्या दिवसाचं म्या घरात कोणाले सांगितलं नाही, काकू. सांगणारही नाही.'

मी सांगायलाच गेले होते. चहा पिऊन आले.

१३ जानेवारी

तीळ भाजले. अर्धे जळाले. गोळी विसरले.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. वाणाला गेले नाही, मॅचला गेले. मंडपात बायकांच्या खुर्च्यांत पुढं बसले.

ऋत्विकनं माईक घेतला. 'हैदरचाचा, म्या चुकलो. माफ करा.' एवढंच. कान लाल. हैदरनं हात पुढं केला, तो भलतीकडेच गेला. ऋत्विक वळसा घालून त्या हातासमोर जाऊन उभा राहिला अन् हात धरला. एवढी अक्कल आहे म्हणायची.

मॅच सुरू झाली. पोरगं विकेटमागे मुकं. दोन षटकं एक शब्द नाही. शेवटी आसिमच मागं वळून म्हणाला — 'बोल ना बे कायतरी. झोप यून राह्यली मले!'

'काय बोलू?'

'म्हशीचं बोल.'

सगळं मैदान हसलं. हैदरही हसला.

आसिमनं अडतीस काढले. शेवटच्या षटकात चार पाहिजे होते. बॉल बॅटीच्या कडेला घासून ऋत्विकच्या हातात गेला. आमची पोरं ओरडली. मास्तरांनी मान हलवली, औट नाही. आसिम बापाच्या खुर्चीकडे पाहत क्षणभर थांबला. मग बॅट काखेत मारली. 'लागली मास्तर,' म्हणाला अन् चालू लागला.

त्यांची टीम दोन रननं हारली. ऋत्विक कप सोडून आसिमच्या मागं पळाला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. हात मिळवला ते दिसलं.

घरी आल्यावर मला म्हणे, 'झालं ना आता? म्या मागितली. आता तूही चाचाची चूक, चाचाची चूक करणं सोड.'

गोळी घेतली.

१५ जानेवारी

मास्तरांना सकाळीच निरोप धाडला. मंडप इतक्यात सोडू नका, माईकही राहू द्या, अजून एकजण माफी मागणार आहे. कोण, ते सांगितलं नाही.

पितरपाटातली गोष्ट. पऱ्हाटी माणसाच्या वर गेली होती. बायका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गवत काढत होत्या. हैदरनं डोक्यावरून दुपट्टा घेऊन नाक-तोंड घट्ट बांधलं होतं. मी ओरडले — 'काय रे हैदर, नवी नवरी हायेस का? घुंगट कोणासाठी घेतला?' बायका खिदळल्या. तोही हसला. दुपट्टा सोडला, कमरेला बांधला अन् पंप पाठीवर घेतला.