मनमोहनच्या खात्यावरची सही

सोमवार, ७ जानेवारी १९५७
आजही आला नाही. तिसऱ्यांदा! कोर्टाच्या शिपायाने दारात उभं राहून पुकारलं – मनमोहन त्रिलोकेकर! मनमोहन त्रिलोकेकर! – आणि मीच वळून दाराकडे पाहिलं. त्याच्या लालबागच्या खोलीवर समन्स चिकटवून दोन महिने झाले. जगदीश वकील खुशीत. "बाई, एकतर्फी निकाल लागणार. समोर कोणी नाहीच."
कोणी नाही, हीच तर भीती. बोलणाऱ्या चोराची मला धास्ती नाही. गप्प बसलेल्याची आहे.

सहा हजार. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवून साठलेला फंड. दादरला सोसायटी होणार म्हणे, दोन खोल्या, गच्चीतून समुद्र! मी वाण्याचं वजनसुद्धा उलटं करून बघणारी, पण मनमोहनला डोळे मिटून चेक दिला. आपल्यातला ना! आपल्याच प्रभू ज्ञातीतला मुलगा, लग्नकार्यात शेजारी बसून जेवलेला.

बुधवार, ९ जानेवारी
जगदीश म्हणतो, खातेवहीचा उतारा पुरे – माझा चेक जमा झाला, एवढंच दाखवायचं. मी म्हटलं, "उतारा नको. बँकेकडून त्याची सगळी फाइल मागवा. एकेक पाप बघायचंय मला."
"बाई, तुम्ही अजून वर्गातच आहात."
असेन. कोर्टाने बँकेला हुकूम दिला, आणि खातंही अडकवून ठेवलं.

शुक्रवार, १८ जानेवारी
दिवसभर गल्लीत समितीचा लाऊडस्पीकर. मुंबई कुणाची, मुंबई कुणाची! दारावर थाप पडली तरी ऐकू यायची नाही. मी कडी दोनदा तपासली.

मंगळवार, २२ जानेवारी
फाइल आली. देवा.

बुधवार, २३ जानेवारी
काल लिहवेना. फाइलीत सगळ्यात खाली खातं उघडल्याचा फॉर्म. ओळख देणाऱ्याची सही – मृणालिनी विजयकर. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरने छडी मारून शिकवलेलं तिरकं वळण, शेपटीवाला M. माझीच सही!

आत्ता आठवतं. तीन वर्षांपूर्वी मनमोहन फॉर्म घेऊन आला होता. "मावशी, बँकेला कोणीतरी प्रतिष्ठित माणूस लागतं हो." प्रतिष्ठित! तेवढ्याने मी फुगले. त्यानंतर मी साफ विसरले.

आणि पैसे भरल्याच्या चिठ्ठ्या. माझ्याखेरीज अकरा जण. एकीवर अंगठा – शांती, मांडवी कोळीवाडा, बाराशे रुपये. माझी शांती! वीस वर्षं माझ्या दारात मासळी घेऊन येणारी. कुणाच्या भरवशावर दिले तिने?

शुक्रवार, २५ जानेवारी
जगदीशकडे गेले. फॉर्म पाहून त्याने तो फाइलीखाली सरकवला. मग म्हणाला, "हा दाखल करायची गरज नाही. उतारा पुरे, मी आधीच सांगत होतो."
"आणि जज्जने विचारलं तर?"
"विचारणार कोण? समोर वकील आहे का?" मग आवाज खाली आणून, "खात्यात तीन हजार नऊशे चाळीस उरलेत. बाकीच्यांनी अजून दावाही लावलेला नाही. हुकूमनामा ज्याच्या हातात आधी, पैसा त्याचा. फॉर्म बाहेर आला तर मात्र, ओळख तुम्हीच दिली म्हणून, ते अकरा जण तुमच्याच दारात येतील."
मी होकारार्थी मान हलवली. काय म्हणून हलवली?

रविवार, २७ जानेवारी
शांती आली. बोंबील. घासाघीस केली नाही मी – तीच चमकली. "बाय, बरं नाय का?" तिच्या बाराशेंबद्दल ती बोलली नाही. मीही नाही.

बुधवार, ३० जानेवारी
पिंजऱ्यात पाच मिनिटं. शपथ घेतली. जे विचारलं ते सगळं खरं सांगितलं. जे विचारलं नाही ते राहिलं. एकतर्फी हुकूमनामा, खर्चासह. जगदीशने अभिनंदन केलं. 

सोमवार, ११ फेब्रुवारी
झोप नाही. जिन्यावर कोणाचंही पाऊल वाजलं की वाटतं, अकरा जण आले.

शुक्रवार, ८ मार्च
पैसे आले. तीन हजार नऊशे चाळीस. कपाटात पातळांखाली ठेवले. मोजले नाहीत.

शनिवार, ९ मार्च
शांती आली. पाटी खाली ठेवली, पण फडकं काढलं नाही. "बाय, तुमचे निघाले म्हनतात. आता माजेपन काढा."
मी म्हटलं, "तू त्याला दिलेस, हे मला काय माहीत?"
"तुमी त्याच्या कागदावर सही केली ना, तवा मी हितंच मासली कापीत होते. बायनी सही केली, म्हनून तर दिले. मना वाटला, तुमी आपसूक बोलाल."
कोर्टात कोणी विचारलं नव्हतं. इथे मला गप्प बसवेना. सांगितलं – खातं रिकामं आहे. मी रिकामं केलं.
तिने पाटीवरचं फडकं नीट केलं. उठली मात्र नाही. मी हे लिहिते आहे, आणि ती अजून दारात बसली आहे.