डीपी बदलला की बदलली

द्वारका, नाशिक
४ फेब्रुवारी २०२४

चि. हर्षालीस अनेक शुभाशीर्वाद.

मोबाईलवर तुझा निरोप आला, आबांनी डीपी बदलला, बघून घ्या. मला त्यावर टाइप करणं जमत नाही, म्हणून पत्र. मराठीच्या मास्तराची पुतणी ना तू? अगं, डीपी बदलली! कुणाच्या रानात उभी करायची म्हणून तुझ्या आबाने ज्या विजेच्या डीपीपायी माझ्याशी बोलणं टाकलं, तिचं निदान लिंग तरी नीट लिही. असो. नवी आली, आता विहिरीवरच्या मोटारी नीट चालतील. बघायला कशाला येऊ?

लहानपणी मी गावातल्या जुन्या डीपीच्या खांबाला कान लावून म्हणायचो, आत कुणीतरी कविता पाठ करतंय. तुझा आबा, धनराज, हसायचा. तू आयटीआयत वीज शिकवतेस, तर सांग, आत खरंच काय चालतं?

आठवण ठेवत जा.
तुझा देवरामतात्या

सायखेडा
१३ फेब्रुवारी

ती. तात्यांस शि. सा. न.

डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या आत एकाच लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी असतात. एकमेकांना जोडलेली नसतात. पहिल्यातला प्रवाह सारखा उलटसुलट होतो, त्याने गाभ्यातलं चुंबकत्व बदलत राहतं आणि त्या बदलानेच दुसऱ्यात वीज उठते. दुसऱ्याचे वेढे कमी, म्हणून दाब घराला झेपेल इतका उतरतो. प्रवाह एकसारखा राहिला, तर पलीकडे काहीच पोचत नाही. तुमची कविता म्हणजे गाभ्याच्या पत्र्यांची थरथर.

पण तात्या, डीपी म्हणजे मोबाईलवर नावाशेजारी असतो तो फोटो हो! आबांनी तुमचा दोघांचा शाळेतला लावला होता, तुमचा हात त्यांच्या खांद्यावर. तुम्ही बघितलात का, म्हणून सारखे विचारायचे. तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाले, मास्तरला मोटारींची पडलीय. फोटो काढून टाकायला लावला.

परवा त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. माणसं ओळखतात.

रागावू नका, या.
तुमची हर्षाली

नाशिक
१७ फेब्रुवारी

चि. धनराज यास,

पोरीचं व्याकरण सुधारत बसलो आणि फोटो बघायचा राहिला. आज उघडलं, तर तुझ्या नावाशेजारी नुसता करडा गोल. बोलणं तू टाकलंस, असं म्हणत आलो मी. पण माझा अबोला तरी किती एकसारखा होता रे! पलीकडे काय पोचणार होतं?

हे पत्र पेटीत टाकत नाही, घेऊनच येतो. तुझ्याशेजारी बसून वाचीन. तुझा आवाज ऐकायचं राहूनच गेलं. तू आता नुसतं गुणगुण. मी कान लावीन. आत कविता चाललीय म्हणेन आणि तू पूर्वीसारखा हस.

लोभ मोडला नव्हता, एवढं मानून घे.
तुझा देवराम