मावशीच्या हातचं पहिलं पान

बुसान, ८ नोव्हेंबर

ती. बुन्रे मावशीस,
यूरिमचा वाकून नमस्कार.

१. सांधेदुखीचं इंजेक्शन सुरू करण्याआधी तुझं रक्त तपासलं.
२. क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह आली. छातीचा फोटो स्वच्छ आला.
३. तू आपली वाटी आणि चमचा वेगळा ठेवलास.
४. यंदा किमची, हिवाळ्याचं कोबीचं लोणचं, घालायला कुणी तुझ्या अंगणात येऊ नये, असा निरोप मामीकडे पाठवलास.

पहिल्या दोन गोष्टींवरून पुढच्या दोन निघत नाहीत. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. आमच्या प्रयोगशाळेत हीच चाचणी होते. रक्तात जंतूचे नुसते तुकडे मिसळतात. ज्या पेशींची त्याच्याशी पूर्वी गाठ पडली आहे, त्या ओळखतात आणि एक द्रव्य सोडतात. ते आम्ही मोजतो. तुझ्या पेशींनी ओळख दाखवली, इतकंच. जंतू कधीतरी आत आले. मोठ्या पेशींनी ते गिळले, पण सगळे मारता आले नाहीत. मग बाकीच्या पेशी भोवती कडं करून बसल्या, त्या अजून बसल्या आहेत. कड्यातल्या जंतूंची कुणाला लागण होत नाही. इंजेक्शनाने मात्र कडं सैल पडू शकतं, म्हणून आधी क्षयाच्या गोळ्या.

उत्तर पाठव. लोभ आहेच.
यूरिम

थोंग्यंग, १२ नोव्हेंबर

चि. यूरिमला आशीर्वाद.

लोभसुद्धा पावती फाडल्यासारखा लिहितेस, बाई! कालवं सोलून बोटं वाकडी झाली, त्याचं मला काही नाही. पण तुझी आई क्षयानेच गेली. तिला मीच भरवायची, उरलेलं तिच्याच चमच्याने खायची. तू तेव्हा रांगत होतीस. आता दरवर्षीसारखं मसाला लावलेलं कोबीचं पहिलं पान गुंडाळून याच हाताने तुझ्या तोंडात घालू? शेजारणीला सांगितलंय, कंबर धरली म्हणून यंदा किमची नाही. मसाल्याचा डबा बसने पाठवलाय, तिकडेच उरका. गोळ्या या वयात कशाला? आणि तुझ्या त्या हुशार पेशींना म्हणावं, यूरिमसाठी एखादा नवरा ओळखा.

जेवत जा वेळेवर.
तुझी मावशी

बुसान, १५ नोव्हेंबर

ती. मावशीस, पुन्हा नमस्कार.

नवरा ओळखायची चाचणी अजून निघालेली नाही. डबा पोचला. न उघडता त्याच बसने परत पाठवला आहे.

क्षय चमच्याने होत नाही, खोकल्याच्या हवेतून होतो. आई खोकत होती त्या खोलीत तू होतीस. मीही होते.

नोकरीला लागताना आमचंही रक्त तपासतात. माझी चाचणी पॉझिटिव्ह आली. तू घाबरशील म्हणून बोलले नाही. गोळ्या घेतल्या, संपवल्या. त्याच हिवाळ्यात, गोळ्या चालू असताना, तू अंगणात मला पहिलं पान भरवलंस आणि मला तिखट लागलं म्हणून हसलीस. कुणाला काही झालं नाही.

गोळ्यांनंतरही पेशी ओळख विसरत नाहीत. आईचा चेहरा मला आठवत नाही. ती खोली माझ्या पेशींना आठवते. तुझ्याही पेशींना.

मामी आणि मी शनिवारी येतो. कोबी शुक्रवारी मिठात घालावा लागेल. गोळ्या सुरू करतेस का, आणि पहिलं पान कोण भरवणार, दोन्ही गुरुवारपर्यंत कळव.

यूरिम